खुडूक कोंबडीच्या भरवशावर

गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी घालते. पोल्ट्रीच्या पिंजऱ्यातली लेयर तीनशेच्या वर घालते. एवढ्या एका आकड्यावर गावठी कोंबडीचा निकाल लावणारे पेडण्यात आणि डिचोलीत आता पुष्कळ भेटतात, कारण परसात चार कोंबड्या, दोन शेळ्या पाळायची हौस इथे पुन्हा वाढते आहे. नोकरी सांभाळून वडिलोपार्जित भाटात काहीतरी करू पाहणारे तरुण आहेत, निवृत्त होऊन गावच्या घरी परतलेले शिक्षक आणि बँकवाले आहेत. २०२०च्या टाळेबंदीत बेळगावहून येणारा माल अडला आणि गोव्याचं ताट किती परावलंबी आहे ते घराघरांत कळलं. डिचोलीकरांनी त्याआधी २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी बंद पडलेल्या पाहिल्या होत्या. खाणीवर ट्रक चालायचा तोवर ज्या गोठ्याकडे लक्ष नव्हतं, त्याची किंमत तेव्हा कळली.

ही नवी मंडळी हिशेब मांडतात तेव्हा अंडी मोजतात. पण पन्नास अंड्यांच्या त्या कोंबडीचे बाकीचे दिवस कुठे जातात, हे मोजत नाहीत. ती १२-१५ अंडी घालते, मग खुडूक होते, २१ दिवस बसते, पिल्लं काढते, दीड-दोन महिने त्यांना घेऊन हिंडते आणि पुन्हा अंड्यांवर येते. वर्षात अशा तीन-चार पाळ्या. म्हणजे उबवणी यंत्र, पिल्लांना ऊब देणारा दिवा आणि राखण करणारा गडी ही तिन्ही कामं ती बिनविजेची, बिनपगारी करते. पिंजऱ्यातल्या लेयरला यातलं एकही येत नाही. माझ्या मते परसातल्या सगळ्या व्यवहाराचा खांब ही खुडूक कोंबडीच आहे.

खुडूक झालेली कोंबडी ओळखायला शिकावं लागत नाही. ती जागची उठत नाही. जवळ गेलं की पिसं फुलवते, घशातल्या घशात गुरगुरते, हात घातला तर टोचते. पोटाखालची पिसं गळतात आणि तिथली कातडी उघडी पडून तापते. अंड्यांना ऊब लागते ती या कातडीची. हे घडवून आणणारं संप्रेरक म्हणजे प्रोलॅक्टिन. बसलेली कोंबडी अंडी घालत नाही, म्हणून व्यापारी जातींमधून हा गुण पिढ्यानपिढ्या निवड करत जवळपास घालवून टाकला आहे. धंद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. परसाच्या दृष्टीनं मात्र त्यात सगळंच गेलं.

तिला बसवायचं हे घरातल्या बाईचं काम, आणि त्यात बारकावे फार. पडवीचा किंवा मांगराचा काळोखा कोपरा, रुंद तोंडाची टोपली, तळाशी उवांपासून बचावासाठी चुलीतली राख, वर भाताचा पेंढा. अंडी मध्यम आकाराची, आठवड्याच्या आतली आणि न धुतलेली. कवचावरचं नैसर्गिक लेपण धुतलं तर जंतूंना वाट मिळते. गावठी कोंबडीच्या पोटाखाली दहा-बारा अंडी मावतात. हावेपोटी सोळा ठेवली तर कडेची गार पडतात, आणि कोंबडी अंडी आत-बाहेर सरकवत असल्यामुळे प्रत्येकाची पाळी कडेला येते, म्हणून सगळीच बिघडण्याची भीती. काही घरांत टोपलीत कोळसा नि लोखंडाचा तुकडा ठेवतात, गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून.

अंडी साठवण्यातलं शहाणपण मला विशेष वाटतं. रोज एक घातलेली डझनभर अंडी एकाच दिवशी फुटतात, कारण ऊब मिळेपर्यंत आतला गर्भ थांबून असतो. पण तो थांबतो ते गारव्यात. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत पारा ३५ अंशांवर गेला की गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि दुबळा होऊन मरतो. म्हणून बसवायची अंडी माठाशेजारच्या गार कोपऱ्यात वाळूच्या भांड्यात ठेवायची रीत आहे. उन्हाळ्यात अंडी फुटत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हा कोपरा शोधावा.

बसल्यावर ती चोचीनं अंडी दिवसातून कितीतरी वेळा फिरवते. फिरवलं नाही तर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. उबवणी यंत्रात ट्रे कलता करणारी मोटर असते ती याच कामासाठी, आणि यंत्राचं ३७.५ अंश तापमानही तिच्याच पोटाखालून घेतलेलं. दिवसातून एकदा ती उठते, पंधरा-वीस मिनिटांत दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत लोळते आणि परत येते. नवखं माणूस तेवढ्यानं घाबरून तिला धरून आणतं. तसं करू नये. तेवढ्या गारव्यानं काही बिघडत नाही.

सातव्या रात्री अंडी तपासायची. खोली काळोखी करून अंड्याच्या बोथट टोकाला टॉर्च लावला की कवच नारिंगी उजळतं. आत मधोमध काळा ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर अंडं जिवंत. नीट पाहिलं तर ठिपका हलतो. नुसतं पिवळं, निर्मळ दिसलं तर ते रिकामं. ते काढून टाकायचं. विसाव्या दिवशी कवचाच्या आतून चिवचिव ऐकू येते आणि वरून कोंबडी हलक्या आवाजात उत्तर देते. चोचीवरच्या इवल्याशा टोकानं पिल्लू कवच फोडतं. बाहेर येण्याआधी उरलेला बलक पोटात ओढून घेतलेला असतो, त्यामुळे दोन दिवस त्याला दाणा-पाणी नसलं तरी चालतं. आई मागे राहिलेल्या अंड्यांसाठी थांबू शकते ती या शिदोरीच्या जोरावर. हॅचरीवाले एक दिवसाची पिल्लं खोक्यांतून दूर गावी पाठवतात, तेही याच जोरावर.

पिल्लं बाहेर पडली की दुसरी शाळा सुरू होते. वाळवी कुठे उकरायची, काय खायचं नाही, हे ती चोच आपटून दाखवते. घारीची सावली पडली की एक आवाज, आणि पिल्लं जिथल्या तिथे दबून बसतात किंवा पंखाखाली शिरतात. जमिनीवरून मुंगूस आलं तर आवाज वेगळा. बल्बखाली वाढलेल्या पिल्लांना यातलं काहीच कुणी शिकवलेलं नसतं, आणि डिचोलीच्या रानाकडेच्या वाड्यांवर त्याची किंमत पहिल्याच आठवड्यात मोजावी लागते.

याचा अर्थ सुधारित जाती आणू नयेत असा नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं खास परसासाठी वनराजा, ग्रामप्रिया आणि श्रीनिधी तयार केल्या. बेंगळुरूची गिरिराजा आपल्याकडे आधीपासून ओळखीची. ग्रामप्रिया परसात वर्षाला दीडशेच्या वर अंडी देते, वनराजा अंड्यांबरोबर मांसालाही चांगली. जुन्या गोव्यात एला इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे परसातल्या कोंबड्यांवर काम चालतं. पण या जाती संकरित आहेत. त्यांच्या अंड्यांतून निघणारी पिल्लं आईसारखीच निघतील याचा नेम नाही, आणि त्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून आणायच्या तर अंड्यांसाठी त्या आणि उबवायला दोन-तीन गावठी, असा कळप ठेवावा. बदकाची अंडीदेखील गावठी कोंबडी बिनतक्रार २८ दिवस उबवते. पुढे पिल्लं तळीत उतरली की ती काठावर कासावीस होऊन फिरते, एवढंच.

गावठी म्हणजे कमअस्सल, हा समज मला खटकतो. जगभरच्या कोंबड्या प्रामुख्यानं तांबड्या रानकोंबड्याच्या वंशातल्या. आपल्या सह्याद्रीत मात्र राहतो तो राखी रानकोंबडा, गॅलस सोनेराती, ज्याला फ्रेंच निसर्गअभ्यासक सोनेराचं नाव मिळालं. सत्तरीकडच्या रानाच्या कडेनं पहाटे त्याचं तुटक आरवणं ऐकू येतं. २००८ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी करणारं जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून आलेलं नाही, ते या राखी रानकोंबड्याकडून आलं आहे. म्हणजे अमेरिकेतल्या कारखानदारी फार्मवरच्या पिवळ्या पायांच्या कोंबडीतही दक्षिण भारतातल्या या पक्ष्याचा अंश आहे. परसातली पिवळ्या पायांची तलंग पाहताना हे आठवावं.

खुराड्याचा खरा कस पावसाळ्यात लागतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात ओल हाच मोठा वैरी. चिऱ्याचा चौथरा, जमिनीपासून उचललेला तळ, दोन बाजूंना जाळी आणि पावसाच्या बाजूला लांब वळचण, एवढं असलं तर निम्मं काम झालं. तळाला तूस घालतात. ते मुठीत दाबल्यावर गोळा झालं तर ओलं झालं म्हणून समजावं आणि बदलावं. ओल्या तुसात कॉक्सिडियाचे जंतू वाढतात आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते. जाळी घ्यायची ती बारीक भोकांची. कोंबड्यांची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. धामण अंडी गिळते, उदमांजर रात्री येतं, अजगर एक कोंबडी गिळून तिथेच सुस्त पडतो. पेडण्यात नि डिचोलीत बिबट्याचाही वावर आहे, तेव्हा शेळ्या रात्री बंद गोठ्यात असाव्यात.

खाण्याचा खर्च परसात फारसा येत नाही. भाताचा कोंडा, तुटके तांदूळ, खोबऱ्याची पेंड, चुलीपुढचं उरलंसुरलं आणि अंगणातले किडे. कवचाला कॅल्शियम हवं, एका अंड्याच्या कवचात ते सुमारे दोन ग्रॅम जातं. त्यासाठी गोव्यात दुकानात जायची गरज नाही. तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, वाळवून, वरवंट्याखाली डाळीएवढे जाडसर कुटायचे आणि वेगळ्या करवंटीत ठेवायचे. अंडी घालणारी कोंबडी आपणहून तिथे येते, कोंबडा फिरकत नाही.

सगळ्यात मोठं दुःख मानमोडीचं. पशुवैद्यकात तिला राणीखेत म्हणतात, कुमाऊंतल्या ज्या गावाजवळ १९२०च्या दशकाच्या अखेरीस ती भारतात नोंदली गेली त्याचं नाव. मान पिरगळते, हिरवी हगवण लागते, श्वास कोंडतो आणि तीन-चार दिवसांत वाडाच्या वाडा रिकामा होतो. उपाय नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटाचा एक थेंब, चौथ्या आठवड्याला पुन्हा, आठव्या आठवड्याला आर-टू-बीचं इंजेक्शन. लस स्वस्त आहे, तरी परसातल्या कोंबड्या लशीविना मरतात, आणि त्याचं कारण साधं आहे. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची, घरात कोंबड्या आठ. एकदा पाण्यात कालवलेली लस तासा-दोन तासांत संपवायला हवी आणि तोवर बर्फात हवी. एकट्या घराला ते परवडत नाही. ऑस्ट्रेलियात उष्णतेला टिकणारी आय-टू नावाची लस गावकोंबड्यांसाठी तयार झाली आणि आशिया-आफ्रिकेच्या खेड्यांत वापरली गेली. तशी लस हाती नाही तोवर आपल्याकडे एकच मार्ग: वाड्यावरच्या दहा घरांनी एक संध्याकाळ ठरवायची, पशुवैद्यकीय दवाखान्यातून एक कुपी बर्फात आणायची आणि दारोदार फिरून संपवायची. जिथे बायकांचा एखादा स्वयंसाहाय्य गट हे मनावर घेतो तिथे काम होतं. हौशी मंडळींनी महागडं उबवणी यंत्र घेण्याआधी या संध्याकाळचं पुढारपण घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इतर जनावरांचं थोडक्यात. शेळी घ्यायची तर सीमेपलीकडची, सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ घ्यावी. काळ्या तोंडावर पांढरे पट्टे, आणि आपला पाऊस तिच्या ओळखीचा. गाय पाळायची तर गोव्याची श्वेतकपिला आहे, नाकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, आता राष्ट्रीय पातळीवर नोंद झालेली जात. दूध दिवसाला दोन-तीन लिटर, पण खर्च कमी आणि आजार कमी. टर्की नाताळच्या मागणीपुरती ठीक. पिल्लं नाजूक असतात, नवख्यानं त्यात पडू नये.

पिल्लांपैकी निम्मे नर निघतात आणि त्यांचं पुढे काय होतं हे लपवण्यात अर्थ नाही. एखादा राखणदार देवाच्या मानाचा असतो, बाकीचे पाहुण्यारावळ्यांचे. शागुतीचं मूळ पेडण्यातल्या हरमलचं असं सांगतात, आणि भौगोलिक मानांकन मिळालेली हरमलची मिरचीही तिथलीच. भाजलेलं खोबरं, ती मिरची आणि सहा-सात महिने हिंडून घट्ट झालेलं गावठी मांस एकत्र शिजतं तेव्हा ब्रॉयलरची आठवण कुणी काढत नाही.

या कोंबड्याला आता नवे शेजारी मिळाले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या विमानतळावरून विमानं उडू लागली आणि मांद्र्यापासून धारगळपर्यंत जमिनींचे भाव चढले. भाटाची भिंत झाली की कोंबडीची चरायची वाट बंद होते, आणि भिंतीपलीकडच्या बंगल्यातून पहाटेच्या आरवण्याबद्दल कुरकुर येते. फ्रान्समध्ये ओलेराँ बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी खटला भरला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयानं कोंबड्याच्या बाजूनं निकाल दिला आणि जानेवारी २०२१ मध्ये खेड्यांतले आवाज आणि वास हा वारसा मानणारा कायदाच तिथे झाला. आपल्या पंचायतींनी हे वाचून ठेवायला हरकत नाही.

सुरुवात करायची असेल तर दिवाळीनंतर करावी. ओल ओसरलेली असते, हवा गार असते, अंडी टिकतात. एका गावठी कोंबडीखाली कार्तिकात दहा अंडी ठेवली तर पिल्लं शिमग्यापर्यंत आईपासून सुटी होतात आणि पहिला पाऊस येईतो अंगानं भरलेली असतात. लस तोवर टोचून झालेली हवी. कोंबडा मात्र आपल्याच पिल्लांतला ठेवू नये. तो दोन वर्षांनी पलीकडच्या गावच्या एखाद्या घराशी बदलून घ्यावा. बहुतेक घरी तो आनंदानं बदलून देतात.