प्रत्येक नवा धंदा स्टार्टअप नसतो

नुकताच सुरू केलेला कोणताही धंदा म्हणजे स्टार्टअप, हा या क्षेत्रातला सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. बाकीचे बहुतेक गैरसमज यातूनच फुटतात. सरकारदरबारी या शब्दाला ठरावीक अर्थ आहे. ‘स्टार्टअप इंडिया’ ही मोहीम १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली. १९ फेब्रुवारी २०१९ च्या अधिसूचनेनुसार स्टार्टअपची मान्यता प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी संस्था यांनाच मिळत असे. स्थापनेला दहा वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा, कोणत्याही वर्षाची उलाढाल १०० कोटींवर गेलेली नसावी आणि जुनाच धंदा फोडून नवी पाटी लावलेली नसावी, अशा अटी होत्या. २०१६ मध्ये उलाढालीची हीच मर्यादा २५ कोटी होती; ती वेळोवेळी वाढवली जाते. या सगळ्यांपेक्षा अवघड अट शेवटची: काम नावीन्याचे असावे, किंवा ते झपाट्याने वाढवता येऊन त्यातून मोठा रोजगार वा संपत्ती उभी राहण्याची शक्यता असावी.

ही व्याख्या किनवटला लावून पाहिली की चित्र स्पष्ट होते. पैनगंगेकाठचा, तेलंगणाला लागून असलेला नांदेड जिल्ह्यातला हा तालुका. त्यातली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. शेतातून कापूस, सोयाबीन, तूर मोंढ्यावर येते; जंगलातून मोहफूल, चारोळी, डिंक, तेंदूपत्ता. किनवट-गोकुंद्यात आज कोणी डाळ मिल टाकतो, मिरची कांडप यंत्र बसवतो, सेतू केंद्र किंवा मोबाइल दुरुस्तीचे दुकान उघडतो. हे सगळे चांगले धंदे आहेत, पण कायद्याच्या भाषेत ते सूक्ष्म उद्योग आहेत. सूक्ष्म म्हणजे क्षुल्लक असेही नव्हे. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ गणला जातो. तालुक्याच्या गावातले बहुतेक धंदे या मर्यादेच्या पुष्कळ आत असतात.

दोन्हींतला फरक चारोळीवर नेमका दाखवता येतो. उन्हाळ्यात चाराची फळे पिकतात. गर खाल्ला किंवा धुऊन काढला की कठीण कवचाचे बी उरते आणि त्याच्या आत चारोळी असते. कवच फोडताना आतला दाणा तुटला तर भाव पडतो. म्हणून पुष्कळदा गोळा करणारे कुटुंब न फोडलेले बीच व्यापाऱ्याला देऊन मोकळे होते आणि फोडण्या-निवडण्यातली कमाई दुसरीकडे जाते. एखाद्या बचत गटाने बाजारात मिळणारे फोडणी यंत्र आणले, दाणे निवडले, पाकिटे भरून नांदेड-हैदराबादला विकली, तर तो उद्योग झाला. कोणी दाणा कमी तुटेल असे वेगळे यंत्र तयार केले आणि तेच यंत्र छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातल्या संकलन केंद्रांना विकायचे ठरवले, तर तिथे स्टार्टअपचा दावा उभा राहतो. पहिल्या वाटेत नफ्याची शक्यता जास्त आणि धोका कमी आहे, तरी भाषणांत आणि बॅनरवर दुसरीच वाट दिसते.

‘आधी कंपनी काढू, मग योजना आपोआप मिळतील’ हा सल्लाही महागात पडणारा आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पुढचे फारसे कोणी सांगत नाही. वर्षभरात एक रुपयाची विक्री झाली नाही तरी सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि ताळेबंद व वार्षिक विवरणपत्र कंपनी निबंधकाकडे भरावे लागते. उशीर झाला तर प्रत्येक विवरणपत्रामागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागते आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन विवरणपत्रे एक वर्ष रखडली तर ही रक्कम ७३,००० रुपये होते. सलग तीन वर्षे ती भरलीच नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. डाळ मिल किंवा मसाल्याच्या घरगुती धंद्याला सुरुवातीला एकल मालकी पुरते. वस्तूंची विक्री करणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीही लागत नाही. सेवांसाठी ही मर्यादा २० लाख आहे. ऑनलाइन मंचावर विकायचे तर जीएसटी क्रमांक हवाच, हा समजही आता जुना झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना मंचावर विक्रीसाठी जीएसटी नोंदणीऐवजी साधा नावनोंदणी क्रमांक चालतो. अट एवढीच की विक्री राज्यातल्या राज्यात असावी.

मान्यतेचे प्रमाणपत्र हाती आले की आयकर माफ, असेही सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात ही दोन स्वतंत्र पावले आहेत. मान्यता मिळालेल्या कंपनीला किंवा एलएलपीला आयकर सवलतीसाठी आंतर-मंत्रालयीन मंडळाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. तो मंजूर झाला तर पहिल्या दहा वर्षांपैकी सलग तीन वर्षांच्या नफ्यावर कर लागत नाही. २०२४ अखेर देशात मान्यताप्राप्त स्टार्टअपची संख्या दीड लाखांपलीकडे गेली होती. ही करसवलत मात्र एप्रिल २०२५ पर्यंत ३,७०० हून थोड्या अधिक संस्थांना मिळाली होती. शिवाय सवलत नफ्यावर असते. तोट्याच्या वर्षांत तिचा उपयोगच नाही.

पैशाच्या बाबतीत गोंधळ सर्वांत मोठा, कारण कर्ज, अनुदान आणि भांडवल या तीन वेगळ्या गोष्टींना बोलताना एकच ‘फंडिंग’ म्हटले जाते. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ ची. तिच्यातले कर्ज बँकेचे असते आणि व्याजासह फेडायचे असते. तारण द्यावे लागत नाही एवढाच दिलासा. कर्जाला मिळणारी सरकारी हमी बँकेच्या बुडीत रकमेसाठी असते, कर्जदाराची सुटका करण्यासाठी नव्हे. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती, महिला आदी अर्जदारांना ३५ टक्के अनुदान असते. तेही रोख हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षे राखून ठेवले जाते आणि उद्योग चालू असेल तरच कर्जखात्यात वळते होते. स्वतःचे पाच किंवा दहा टक्के आधी घालावे लागतात ते वेगळेच. वनोपजासाठी २०१८ पासून वनधन विकास केंद्रांची योजना आहे. त्यात साधारण तीनशे संकलक एका केंद्राशी जोडले जातात आणि प्रक्रिया-साधनांसाठी १५ लाखांपर्यंत निधी असतो. किनवटसारख्या तालुक्याला ही योजना कोणत्याही स्टार्टअप निधीपेक्षा जवळची आहे. २०२१ ची ९४५ कोटींची स्टार्टअप बीज निधी योजना खऱ्या अर्थाने स्टार्टअपसाठी होती. तिची रक्कमही निवडक इन्क्युबेटरमार्फत वाटली गेली. बँकेच्या किंवा तहसीलच्या खिडकीवर तिचा अर्ज नव्हताच.

गुंतवणूकदाराचा पैसा हे बक्षीसही नाही. २०२२ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या ‘शार्क टँक’मध्ये मालेगाव तालुक्यातल्या तरुणाच्या फवारणी गाड्याला १० लाख रुपये मिळाले ते ४० टक्के हिश्शाच्या बदल्यात, सोबतचे २० लाख हे कर्ज होते. प्रेक्षकांच्या लक्षात तीस लाखांचा आकडा राहिला, हिस्सा राहिला नाही. मूल्यांकनाचेही तसेच. गुंतवणूकदाराने थोड्या हिश्शासाठी दिलेल्या भावावरून साऱ्या कंपनीची किंमत काढली जाते. तो ना नफा असतो, ना तिजोरीतली रोकड. बायजूज या ऑनलाइन शिक्षण कंपनीचे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर होते आणि जुलै २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. उलट झोहो आणि झेरोधा या कंपन्या बाहेरचे भांडवल न घेता नफ्यावर मोठ्या झाल्या.

शेतीशी निगडित धंद्याला मोठा पैसा मिळत नाही, या समजुतीला महाराष्ट्रातलेच उत्तर आहे. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीत उभ्या राहिलेल्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांकडून सुमारे ३१० कोटी रुपये उभे केले. त्याआधी त्यांची दहा-बारा वर्षे द्राक्षनिर्यात, शीतगृहे आणि शेतकऱ्यांची कंपनी बांधण्यात गेली होती, हे मात्र विसरून चालत नाही.

स्टार्टअप म्हणजे अ‍ॅप, हा समज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात अधिकच पोकळ ठरला आहे. साधे अ‍ॅप किंवा संकेतस्थळ आता फार थोड्या खर्चात तयार होते, म्हणून केवळ ते असणे ही जमेची बाजू उरलेली नाही. कोणत्या पाड्यावर कोणत्या आठवड्यात मोहफूल वाळते, कोणाकडे ते कोरडे ठेवायला जागा आहे, आडत्याचा हिशेब कसा चालतो, ही माहिती यंत्राकडे नाही. भांडवल आहे ते हेच. वयाविषयीची कल्पनाही तितकीच फसवी: अमेरिकेतल्या सर्वांत वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या अभ्यासात संस्थापकांचे सरासरी वय ४५ निघाले. दर दहांतले नऊ धंदे बुडतात, हे वाक्यही आकडेवारीत बसत नाही. अमेरिकी सरकारच्या नोंदींत पहिल्या वर्षात सुमारे २० टक्के आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे नवे धंदे बंद होतात.

पेटंटचा मोह आदिवासी भागात विशेष दिसतो. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(पी) प्रमाणे पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. आजीच्या औषधी पाल्याला किंवा मोहाच्या जुन्या पदार्थाला ते मिळू शकत नाही. अमेरिकेत जखम भरण्याच्या हळदीच्या गुणावर १९९५ मध्ये दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने ग्रंथ पुराव्यादाखल मांडल्यामुळे. नुसत्या कल्पनेलाही पेटंट नसते. स्थानिक मालासाठी भौगोलिक मानांकन हा वेगळा मार्ग आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यात पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांना ते २०२४ मध्ये मिळाले. चारोळी फोडण्याच्या नव्या यंत्राला मात्र पेटंट मागता येते, आणि व्यक्ती किंवा स्टार्टअप म्हणून ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००.

सूक्ष्म उद्योगाची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि तिला सरकारी शुल्क नाही. त्या प्रमाणपत्रासाठी हजार-दोन हजार मागणारा जो कोणी असेल, तो फक्त स्वतःची मजुरी मागत असतो.