लिंगोची शक्ती आणि तिचे नियमन : एका कथेचे तीन पाठ

अद्भुतकथेतील तरुण नायकाविषयी एक आकृतिबंध आपल्या अध्यापनात स्थिरावलेला आहे. नायकाच्या ठायी असामान्य शक्ती असते. ती त्याला व इतरांना घातक ठरू शकते. तिला आवर घालता घालता तो प्रौढ होतो. अर्सुला ले ग्विन यांची 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' (१९६८) ही कादंबरी याचे ठळक उदाहरण होय. ईर्ष्येपायी गेड आपल्या विद्येचा अतिरेक करतो, त्यातून एक छाया मोकळी होते आणि अखेरीस त्या छायेला स्वतःचेच नाव देऊन तो पूर्णत्व पावतो. संघर्ष एका मनात सुरू होतो व तेथेच मिटतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात आणि त्याला लागून असलेल्या भागांत प्रचलित असलेली लिंगोची कथा याच प्रश्नाला निराळे उत्तर देते. ते उत्तर तिच्या तीन पाठांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक मर्यादा नोंदविली पाहिजे. पहांदी पारी कुपार लिंगो हा गोंड समाजाचा आद्यगुरू आहे. गोंदिया जिल्ह्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेला भरणाऱ्या यात्रेतील भाविकांसाठी तो कल्पित पात्र नाही. 'नायक' ही संज्ञा येथे केवळ कथनाच्या अंगाने वापरली आहे.

मराठीच्या अभ्यासकाने या कथेकडे का वळावे, हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. राजगोंडांच्या कुळकथा किकरीच्या साथीने सांगण्याचे काम परधान करीत आले. १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांचा अभ्यास करणाऱ्या फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना असे आढळले की, तेथील परधान घरात मराठी बोलतात आणि कथा गोंडीत गातात. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा हा भाग १९५६ पर्यंत त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे गोंडी कथेचे वाहक मराठी भाषक होते. ही परंपरा 'परकी' म्हणून बाजूला ठेवण्याची सोय मराठी विभागांना उरत नाही.

पहिला पाठ स्टीफन हिस्लॉप यांचा. नागपूरच्या या मिशनऱ्याने परधानाकडून उतरवून घेतलेली कथा त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी संपादून प्रसिद्ध केली. तीत लिंगो भोपळा, बांबू आणि स्वतःच्या डोक्याचे केस घेऊन वाद्य तयार करतो. ते ऐकून रिकाड गवडी हा राक्षस पत्नीसह नाचू लागतो. शरीरातूनच उपटलेल्या तारेतून निघणारा हा नाद ऐकणाऱ्याचा ताबा सुटावा इतका प्रबळ आहे. राक्षसाच्या सात मुली लिंगोच्या चार भावांना दिल्या जातात. लिंगो स्वतः विवाह नाकारतो. पुढे भाऊ शिकारीला गेले असता त्या स्त्रिया निजलेल्या लिंगोशी लगट करतात, तो मुसळाने त्यांना बडवितो, त्या उलट त्याच्यावरच आळ घेतात आणि भाऊ त्याला ठार मारतात. अमृताने जिवंत झालेला लिंगो गुहेत कोंडलेल्या गोंडांच्या सुटकेसाठी कठोर तप करतो.

या पाठात धोका स्त्रियांच्या वासनेच्या माथी मारला आहे. त्यामुळे लिंगोचा कोप वाचकाच्या नजरेआड होतो. वस्तुतः नादाने राक्षसाला जिंकणारा नायक येथे स्वतःच्या संतापापुढे हतबल ठरतो. ब्रह्मचर्याचा निग्रह आहे, क्रोधाचा नाही. कथा त्याला मृत्यूतून नेते आणि त्यानंतर त्याचे सामर्थ्य बंदिस्त बांधवांच्या कामी लावते, हा क्रम अर्थपूर्ण आहे.

दुसरा पाठ गडचिरोलीच्या पूर्वेस असलेल्या बस्तरमधील. व्हेरिअर एल्विन यांनी मुरियांच्या घोटुलावरील १९४७ च्या ग्रंथात तो नोंदविला. येथे लिंगो धाकटा भाऊ असून एकाच वेळी अठरा वाद्ये वाजवितो. त्याचे संगीत ऐकता ऐकता भावजयींचे घरकामावरील लक्ष उडते आणि भाऊ त्याच्या जिवावर उठतात. सर्व कसोट्यांतून तो सुखरूप बाहेर पडतो. धोका आता कोणाच्या वासनेत नसून नादातच आहे, हा मोठा फरक होय. आणि हाच लिंगो घोटुलाचा संस्थापक मानला जातो. ज्या संगीताने घर मोडू पाहिले त्याला कथापरंपरेने घराबाहेर जागा दिली. तेथे नाच-गाणे आहे, तशी वयाची व वर्तनाची शिस्तही आहे. शक्ती दडपली गेली नाही. तिला स्थळ आणि नियम मिळाले.

तिसरा पाठ कोया पुनेमच्या मांडणीतील. मोतीरावण कंगाली (मृत्यू २०१५) यांच्या लेखनाने ती मांडणी अनेकांपर्यंत पोचविली. शंभूने गुहेत कोंडलेल्या तेहतीस बालकांना सोडविण्यासाठी लिंगो हिरासुका पाटालीर या वादकाला सोबत घेतो. त्याच्या वादनाने बालकांच्या अंगी बळ संचारते, ती एकवटून दारावरची शिळा ढकलतात आणि त्या शिळेखाली हिरासुका चिरडला जातो. येथे नाद आणि नायक वेगळे झाले आहेत. लिंगो शक्तीचा धारक नसून तिची दिशा ठरविणारा आहे. नादाने मुक्ती दिली, पण तिचे मोल वादकाने चुकविले, हे कथा लपवीत नाही.

तिन्ही पाठ एकत्र ठेवले म्हणजे एक सूत्र हाती लागते. गेडपुढील प्रश्न 'मी कोण?' असा आहे. लिंगोकथेतील प्रश्न 'ही शक्ती कोणासाठी आणि कोठे?' असा आहे. पहिल्या पाठात तिचे नियमन तपाने व लोककार्याने, दुसऱ्यात संस्थेने, तर तिसऱ्यात सामूहिक बळाने होते. एकट्याच्या मनोनिग्रहावर कोणताही पाठ विसंबत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. आधी छापला गेला म्हणून हिस्लॉपचा पाठ मूळ आणि इतर पाठ अपभ्रंश, असे मानता येणार नाही. धोका कोठे दाखवायचा हे प्रत्येक कथनपरंपरा आपापल्या गरजेनुसार ठरविते. दुसरे असे की, कथक, गाव, भाषा आणि प्रसंग यांची नोंद नसलेले संकलन अशा तुलनेस निरुपयोगी ठरते. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. ज्यांच्या आजोबांनी ही कथा किकरीवर ऐकली, असे विद्यार्थी आता पदव्युत्तर वर्गात बसू शकतात. त्यांच्यापुढे अद्भुतनायकाचा आकृतिबंध केवळ भाषांतरित कादंबऱ्यांच्या आधारे मांडणे हे अपुरे शिक्षण होय. घरी ऐकलेला पाठ त्यांनी चौथा पाठ म्हणून वर्गात मांडला, तर वरील निष्कर्ष तपासून पाहता येतील, आणि आवश्यक तेथे ते बदलावेही लागतील.