गोळीवरचा लेप नुसता शोभेचा नसतो

औषधांच्या दुकानात रोज एक प्रश्न येतो. "गोळी मोठी आहे, तोडून दिली तर चालेल ना?" काही दुकानदार बंधू सहज "चालेल" म्हणून मोकळे होतात. आमचे म्हणणे असे की, गोळीवर कसला लेप आहे हे जाणल्याशिवाय हे उत्तर देऊ नये. त्यात गिऱ्हाइकाच्या जिवाचा प्रश्न आहे आणि दुकानाच्या इभ्रतीचाही.

इसबगोलपासून सुरुवात

कडू गोळीवर लेप देण्याची युक्ती फार जुनी आहे. औषधनिर्मितीच्या इतिहासात या कामी दोन हकिमांची नावे घेतली जातात. नवव्या-दहाव्या शतकातील अल-राझी यांनी बेचव गोळ्यांवर इसबगोलाचा चीक चढवला, तर इब्न सीना (मृत्यू १०३७) यांनी सोन्याचांदीचा वर्ख लावला. आज ज्यांना पॉलिमर म्हणतात ते लांब साखळीसारख्या रेणूंचे पदार्थ असतात. लेपासाठी वापरायचे पॉलिमर वाळले की त्यांचा पापुद्रा धरतो. इसबगोलाचा चीक याच जातीतला.

पुढे साखरेचा लेप आला. हलवाई फिरत्या कढईत साखरफुटाण्यांवर थर चढवतो, तीच ही रीत. पाकातले पाणी आत शिरू नये म्हणून आधी लाखेचा पातळ थर, मग पाकाचे अनेक थर, नंतर रंग आणि शेवटी मेणाची चकाकी. या कामाला काही दिवस लागत. गोळीचे वजन निम्म्याने, कधी दुपटीपर्यंत वाढे. थर सारखा बसणे सर्वस्वी कारागिराच्या हातावर असे.

पातळ पापुद्र्याची क्रांती

१९५० च्या दशकात पॉलिमरचा पातळ लेप बाजारात आला. यात सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ हायप्रोमेलोज. तो लाकडाच्या लगद्यातील किंवा कापसाच्या तंतूंतील सेल्युलोजपासून बनवतात. फिरत्या पिंपात गोळ्या घोळतात, गरम हवा सोडतात आणि द्रावणाचा बारीक फवारा मारतात. वजन जेमतेम २ ते ४ टक्के वाढते आणि काम काही तासांत उरकते. पूर्वी हे द्रावण अल्कोहोल किंवा मिथिलीन क्लोराइडमध्ये करीत. आगीचा धोका आणि विषारी वाफा यांमुळे आता बहुतेक ठिकाणी पाणीच वापरतात.

लेप काय काय करतो?

साधा लेप चव झाकतो आणि औषधाचे दमटपणापासून रक्षण करतो. दुसरा प्रकार आतड्यात विरघळणाऱ्या लेपाचा. पॅन्टोप्राझोलसारखे औषध जठरातल्या आम्लात नासते आणि डायक्लोफेनॅकसारखे औषध जठराला त्रास देते. म्हणून त्यांच्यावर असा पॉलिमर चढवतात, जो आम्लात तसाच राहतो आणि आतड्यात गेल्यावर सुटतो. अशा गोळीने प्रयोगशाळेत आम्लात २ तास टिकावे लागते आणि नंतर आतड्यासारख्या द्रावणात विरघळावे लागते. पूर्वी याही कामाला लाख वापरीत. पण लाख उशिरा विरघळते, जुनी झाली की आणखी कठीण होते आणि तिचा प्रत्येक घाणा सारखा नसतो. त्यामुळे ती मागे पडली.

तिसऱ्या प्रकारात औषध १२ किंवा २४ तास हळूहळू सुटते. अशी गोळी कुटली तर दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरते. रक्तदाबाच्या निफेडिपिनसारख्या औषधात हे जिवावर बेतू शकते. रमजानमध्ये सहरी व इफ्तारच्या वेळांत औषध बसवण्यासाठी अशा गोळ्यांचा उपयोग होतो. मात्र हा बदल डॉक्टरांनी करायचा असतो, दुकानदाराने नव्हे.

हलालचा प्रश्न

लेपाविषयी विचारणारे गिऱ्हाईक कॅप्सूलविषयीही विचारते. साधी कॅप्सूल जिलेटिनची असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते. ज्या हायप्रोमेलोजचा लेप देतात, त्याच्याच कॅप्सूलही मिळतात. त्या वनस्पतिजन्य असतात. पर्याय हवा असेल तर डॉक्टरांना विचारावे. चालू औषध परस्पर बंद करू नये.

धंद्याची बाजू

या व्यवसायाची मोठी केंद्रे आपल्या शेजारीच आहेत. तयार लेपमिश्रणे बनवणाऱ्या कलरकॉनचा कारखाना गोव्यात वेर्णा येथे आहे. कॅप्सूल आणि लेपाची यंत्रे करणारा एसीजी समूह मुंबईचा. औषध कारखान्यांना स्टेनलेस स्टीलची पिंपे, फवाऱ्याच्या नळ्या, गाळण्या आणि दुरुस्तीची कामे लागत असतात. वेल्डिंग व लेथवर हात बसलेल्या आमच्या कारागीर बांधवांनी तिकडे लक्ष द्यावे. मात्र इथे सांधा गुळगुळीत लागतो आणि कागदपत्रे चोख लागतात. सुधारित शेड्यूल एमने कारखान्यांचे नियम अधिक कडक केले आहेत.

दुकानदारांनी एवढे पाळावे

वेष्टनावर एसआर, ईआर, एक्सआर किंवा ईसी अशी खूण असेल, तर कंपनीने तशी मुभा दिल्याशिवाय गोळी तोडू, कुटू किंवा चघळू नये, असे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. गिळता येत नसेल तर त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. पातळ औषध किंवा दुसरा प्रकार मिळू शकतो. गोळ्या पट्टीतून काढून बरणीत भरू नयेत. कोकणच्या पावसाळी दमट हवेत लेप चिकटतो. लेप तडकलेला, डागाळलेला किंवा गोळ्या एकमेकींना चिकटलेला माल विकू नये, परत पाठवावा.

गिऱ्हाईक एका गोळीचे पैसे देते, पण विश्वास दुकानावर ठेवते. तो जपणे हीच खरी कमाई.