ईआरपी : एकदम की टप्प्याटप्प्याने?

खरेदी, उत्पादन, गोदाम, विक्री व हिशेब यांची माहिती एकाच ठिकाणी सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीस ‘ईआरपी’ म्हणतात. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ साली ‘सॅप’ची अशी प्रणाली आणि तिच्यासोबत अन्य दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर स्वीकारली. चार वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकण्याचा निश्चय होता. एप्रिलचा मुहूर्त हुकला व जुलैत सारे एकदम सुरू झाले. सकल संतांच्या सणाच्या पूर्वसंध्येला, हॅलोविनला, तिकडे मिठाईला प्रचंड मागणी असते. नेमक्या तिच्या तोंडावर! माल तयार होता, तरी सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या पुरविता आल्या नाहीत.

याचे एक कारण विचार करण्याजोगे आहे. हंगामात जागा मिळेल तिथे माल रचून ठेवण्याची तेथे जुनी रीत होती. त्या जागा माणसांना ठाऊक होत्या, प्रणालीत मात्र त्यांची नोंद नव्हती. आणि नोंद नसलेला माल संगणकाच्या लेखी नसतोच.

म्हणून पुष्कळ जाणकार आधी एकच विभाग नव्या प्रणालीवर नेण्याचा व खऱ्या आकड्यांवर तालीम घेण्याचा सल्ला देतात. यात काही काळ दुहेरी नोंदी कराव्या लागतात, कर्मचारी कंटाळतात, हे खरेच. परंतु गोदामातील मुकादमाला काय ठाऊक आहे, हे तंत्रज्ञाला त्याच काळात कळते.

हर्शीनेच २००२ मध्ये भरपूर चाचण्या घेऊन प्रणालीची पुढील आवृत्ती ठरलेल्या खर्चाच्या आत बसविली.