सर्वात चांगला डेक कोणता? आधी प्रश्न तपासा

"सगळ्यात चांगली पद्धत कोणती?" संशोधनाचा विषय शोधताना हा प्रश्न आपल्या तोंडी सहज येतो. पण तो दिसतो तितका सरळ नाही. का, ते एका पत्त्यांच्या खेळावरून बघूया.

'मॅजिक: द गॅदरिंग' हा जादूगारांच्या लढाईचा खेळ १९९३ मध्ये आला. तो तयार करणारे रिचर्ड गारफिल्ड स्वतः गणितात पीएचडी केलेले. यात प्रत्येक खेळाडू विकत घेतलेल्या किंवा अदलाबदल केलेल्या पत्त्यांतून स्वतःचा डेक बांधतो. डेकचे ढोबळ तीन प्रकार मानतात. 'अ‍ॅग्रो' म्हणजे पहिल्यापासून हल्ला. 'कंट्रोल' म्हणजे समोरच्याची प्रत्येक चाल मोडत खेळ लांबवणे. 'कॉम्बो' म्हणजे ठरावीक पत्ते जमले की एका फटक्यात जिंकणे.

समजण्यासाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. अ‍ॅग्रो कंट्रोलला १०० पैकी ६० वेळा हरवतो, कंट्रोल कॉम्बोला ७० वेळा आणि कॉम्बो अ‍ॅग्रोला ५५ वेळा. मग स्पर्धेत कोणता डेक जास्त दिसेल? कंट्रोल, असंच वाटतं ना? आता हिशोब करा. कुणालाही डेक बदलून फायदा होणार नाही अशी समतोल स्थिती काढली, तर अ‍ॅग्रो, कंट्रोल आणि कॉम्बो यांचं प्रमाण ४:१:२ येतं. म्हणजे सर्वात मोठा विजय ज्याच्या नावावर, तोच सर्वात कमी! कारण कंट्रोल थोडे वाढले तरी कॉम्बो लगेच मागे हटतात, आणि कॉम्बो कमी झाले की अ‍ॅग्रोला मोकळं रान मिळतं. थोडक्यात, डेकचा 'चांगलेपणा' डेकमध्ये नसतो. बाकीचे काय खेळतात यावर तो ठरतो.

इथपर्यंत दोघांचा खेळ झाला. 'कमांडर' प्रकारात मात्र साधारणपणे चार जण बसतात आणि प्रत्येकाकडे २० ऐवजी ४० जीव-गुण असतात. अ‍ॅग्रोला एकट्याने सगळ्यांना संपवायचं, तर २० नव्हे, १२० गुण खाली आणावे लागतात. कंट्रोलची अडचण वेगळी. त्याने आपला एक पत्ता खर्चून समोरच्याचा एक पत्ता घालवला, तर दोघांचंही एकेक पत्त्याचं नुकसान. उरलेले दोघे आयते पुढे! दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. कॉम्बो मात्र अनेकदा तिघांनाही एकाच वेळी हरवू शकतो. पण तसा संशय आला की तिघे मिळून त्यालाच आधी गाठतात. दोघांच्या खेळात युती नव्हती, इथे आहे.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. दोघांच्या सामन्यांची आकडेवारी घेऊन चौघांच्या खेळाबद्दल निष्कर्ष काढता येईल का? नाही. एक तर तुलनेचा पायाच बदलतो. चौघांत ३० टक्के विजय ही चांगली कामगिरी आहे, कारण इथे सरासरी २५ टक्के असते, ५० नव्हे. दुसरं म्हणजे विदा किती लागेल ते बघा. डेकचे २० प्रकार धरले, तर दोघांच्या २१० वेगवेगळ्या जोड्या होतात. चौघांचे गट होतात ८,८५५. प्रत्येक गटाचे १०० खेळ हवे असतील, तर २१,००० ऐवजी ८,८५,५०० खेळ नोंदवावे लागतील. कोण आधी खेळलं हे तर अजून धरलेलंच नाही.

पिकांचे वाण असोत, बाजारातले विक्रेते असोत की जिवाणूंच्या प्रजाती, स्पर्धेचा अभ्यास करताना हाच पेच येतो. म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी तीन ओळी कागदावर उतरवा: तुलना कोणाशी? एका वेळी किती स्पर्धक? आणि ते एकमेकांकडे बघून वागणं बदलतात का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर "सर्वात चांगली कोणती?" हा प्रश्न खोडा आणि "कोणत्या परिस्थितीत कोणती?" असं लिहा. मार्गदर्शकांकडे जाताना हा दुसरा प्रश्न घेऊन जा.