मत आवाजाला, की आडनावाला?



५ मार्च २००५, शनिवारची रात्र. आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. सोनी वाहिनीवर 'इंडियन आयडॉल'च्या पहिल्या पर्वाचा निकाल होता. माझ्या गाण्याच्या क्लासच्या सात-आठ मुली आमच्याच घरी टीव्हीसमोर बसल्या होत्या. मुंबईच्या अभिजीत सावंतचं नाव पुकारलं गेलं आणि घरात एकच गलका झाला. दुसरा आला तो भिलाईचा अमित साना.

मीही टाळ्या वाजवल्या. पण मनात एक गोष्ट टोचत होती. त्या आठवड्यात मी अभिजीतला पाच एसएमएस केले होते. आणि खरं सांगायचं, तर दोन-तीन गाण्यांत मला अमितच जास्त आवडला होता. मग माझी पाच मतं आवाजाला गेली, की आडनावाला?

हा प्रश्न समजून घ्यायचा, तर त्या स्पर्धेची रचना पाहायला हवी. मूळ कल्पना इंग्लंडची. तिथे २००१ मध्ये 'पॉप आयडॉल' सुरू झालं, २००२ मध्ये अमेरिकेने ते उचललं आणि ऑक्टोबर २००४ मध्ये ते आपल्याकडे आलं. गाण्याच्या स्पर्धा आपल्याला नव्या नव्हत्या. झी टीव्हीवरचं 'सारेगम' १९९५ पासून चालू होतं. तिथे जाणकार गुण देत आणि त्या गुणांवर निकाल लागे. 'इंडियन आयडॉल'मध्ये अनु मलिक, सोनू निगम आणि फराह खान हे परीक्षक होते खरे, पण मुलं निवडण्यापुरते. मतदान सुरू झालं की त्यांनी फक्त अभिप्राय द्यायचा. कोण राहणार आणि कोण घरी जाणार, हे प्रेक्षकांचे एसएमएस ठरवणार.

इथेच खरी मेख होती. निवडणुकीत एका माणसाला एकच मत असतं. इथे एका मोबाइलवरून हवी तितकी मतं देता येत होती, आणि प्रत्येक मताला पैसे पडत होते. म्हणजे किती लोकांना गाणं आवडलं, यापेक्षा कुणाला किती तळमळीने निवडून आणायचंय, हे त्यात मोजलं जात होतं. पैठण गेटला रिचार्ज कूपन घ्यायला गेले, तर दुकानदाराने विचारलं, "ताई, आपल्या पोरासाठीच ना?" अभिजीत त्याचाही कुणी नव्हता आणि माझाही नव्हता. पण शेवटच्या तिघांत दोघे मराठी, अभिजीत आणि राहुल वैद्य, याचा अभिमान आम्हा दोघांनाही होता.

आता याच्या शेजारी आकाशवाणीची स्वरचाचणी ठेवून पाहा. गाणाऱ्याचं नाव, गाव, चेहरा, घरची परिस्थिती यातलं काहीही परीक्षकांपुढे येऊ द्यायचं नाही, हे तिचं तत्त्व. त्यांनी फक्त आवाज ऐकायचा आणि श्रेणी ठरवायची : बी, बी हाय, ए, टॉप. टीव्हीने नेमकं उलटं केलं. आधी मुलाचं घर दाखवलं, आईचे डोळे पुसताना दाखवले आणि मग गाणं ऐकवलं. तेही खोटं नव्हे. लोकांना माणूस आवडतो, आणि कलाकाराला लोकांचं प्रेम लागतंच. पण प्रेमाची मोजणी वेगळी आणि सुरांची वेगळी. पहिल्या पर्वात आपण सगळ्यांनीच या दोन्हींची गल्लत केली.

मी तर शिक्षिका असून केली. त्या रात्री माझ्या घरी बसलेली एक मुलगी दोन वर्षांनी अशाच एका स्पर्धेच्या निवडीला मुंबईला गेली. पहाटेपासून रांगेत उभी राहिली. दुपारी दोन ओळी गायली आणि तिला बाहेर पाठवलं. परत आली ती क्लासला यायचीच थांबली. मी घरी गेले, तर म्हणाली, "ताई, माझ्यात काही असतं तर त्यांनी तिसरी ओळ ऐकली असती ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण "जा, तुझं नाव होईल" असं सांगून तिला पाठवणारी मीच होते. दोन ओळींत तिथे काय पाहतात आणि काय पाहत नाहीत, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

ते सांगायला हवं होतं. आज सांगता येतील अशी उदाहरणंही आहेत. २००५ मध्ये राहुल वैद्य तिसरा आला होता. २००८ मध्ये 'जो जीता वही सुपरस्टार' या स्पर्धेत तोच पहिला आला आणि अभिजीत दुसरा. तीन वर्षांत क्रम उलटला, म्हणून कुणाचा गळा बदलला असं नाही. आपल्या मराठवाड्यातला, लातूरचा रोहित राऊत झी मराठीच्या 'लिटिल चॅम्प्स'मध्ये अंतिम पाचांत होता. ते पर्व २००९ मध्ये संपलं. पुढे २०२० मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात तो दुसरा आला. मधली अकरा वर्षं तो गातच राहिला.

माझी ती मुलगी चार-पाच महिन्यांनी परत आली. आज ती एका शाळेत संगीत शिकवते. टीव्हीवर कधी दिसली नाही. पण मुलांना 'सा' लावायला शिकवते, तेव्हा त्या वर्गाबाहेर थांबून ऐकावंसं वाटतं.

पालकांना एवढंच सांगेन. मुलांना स्पर्धेला जरूर पाठवा. पण निघण्याआधी घरातच सांगून ठेवा, की बाळा, तिथे पसंती मोजतात. तुझा सूर कसा आहे, ते परत आल्यावर तंबोऱ्यापुढे बसून पाहू.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)