काळ्या पाषाणाखालचे पाणी आणि उपयोजित भूभौतिकी

बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेल्या आणि वैद्यनाथाच्या ज्योतिर्लिंगामुळे साऱ्या देशाला ठाऊक असलेल्या परळीवर 2013 च्या आरंभी असा एक प्रसंग ओढवला, की गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातले पाणी आटल्यामुळे येथील औष्णिक विद्युत केंद्राचे संच बंद करणे भाग पडले. जेथे एवढ्या अवाढव्य कारखान्याची ही गत झाली, तेथे डोंगराच्या अंगाला दोन-चार एकर जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याने कर्ज काढून बोअरची गाडी बोलवावी, तीन-चारशे फूट खोल जावे आणि अखेरीस वर येणारा कोरडा फुफाटा पाहून कपाळाला हात लावावा, यात नवल कसले? बोअर नेमका कोठे घ्यावा, हा प्रश्न ज्या शास्त्राच्या कक्षेत येतो त्याचे नाव उपयोजित भूभौतिकी; आणि पदार्थविज्ञान व गणित घेऊन पदवी मिळवणाऱ्या आमच्या मुलांमुलींनी या शास्त्राकडे वळावे, असे मला अगदी मनापासून वाटते.

आपला हा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हारसाच्या थरांनी घडलेला आहे. त्यांपैकी घट्ट काळा पाषाण पाण्याला थारा देत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, पाषाणाच्या भेगांत, आणि दोन थरांच्या सांध्याशी असलेल्या सच्छिद्र, कुजलेल्या खडकात. म्हणूनच बांधाच्या अलीकडच्या विहिरीला वैशाखातही पाणी असते आणि पलीकडचा बोअर फेल जातो. हा कोणाच्या नशिबाचा खेळ नसून खडकाच्या रचनेचा परिणाम आहे.

ही रचना न खोदता ओळखण्याची सर्वांत सोपी रीत विद्युत्-रोधकतेची. कॉनराड श्लुम्बर्जर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 च्या सुमारास तिचे आरंभीचे प्रयोग केले. शेतात एका सरळ रेषेत चार लोखंडी खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून बॅटरीचा प्रवाह जमिनीत सोडतात आणि आतल्या दोहोंमधला विद्युत्दाब मोजतात. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून इतकी कोरडी होते, की खुंटीच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतल्यावाचून प्रवाह धड जमिनीत शिरत नाही. बाहेरच्या खुंट्या जसजशा दूर सरकवाव्यात तसतसा प्रवाह अधिक खोलवर जातो, आणि प्रत्येक नोंदीगणिक आलेखावर एकेक ठिपका पडून पायाखालच्या थरांची वक्ररेषा तयार होते. पाणी धरून असलेल्या कुजलेल्या खडकाची रोधकता बहुधा शंभर ओहम-मीटरच्या बरीच आत भरते, तर घट्ट पाषाणाची शंभराच्या पुढे जाते.

येथवर ऐकून कोणास वाटेल, की यंत्र लावले आणि पाणी सापडले. वस्तुस्थिती तशी नाही, आणि या शास्त्राचे खरे शिक्षण येथूनच सुरू होते. चिकणमातीची रोधकताही कमीच असते, त्यामुळे पाण्याची खूण समजून बोअर घ्यावा आणि खाली नुसती चिकणमाती निघावी, असे घडू शकते; शिवाय एकच वक्ररेषा दोन निरनिराळ्या थररचनांतूनही निघू शकते, आणि त्यांतली खरी कोणती हे ठरवण्यास आसपासच्या विहिरींचे कडे उतरून पाहणे, ओढ्याच्या पात्रातील खडक तपासणे आवश्यक असते. नारळ किंवा झाडाची दुबेळकी फांदी हाती धरून शिवार फिरणाऱ्या पाणाड्यावर गावाची श्रद्धा असते आणि त्याच्या जुन्या अनुभवाचा मी अनादर करीत नाही. परंतु भूभौतिकीचा अभ्यासक आपल्या मोजमापांचा दाखला मागे ठेवतो, त्यामुळे त्याची चूक दुसऱ्याला तपासता येते. शेतकऱ्याचा पैसा पणाला लागलेला असताना हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

पाण्यापलीकडेही या विद्येचे कार्य आपल्या अंगणातच घडलेले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे परळीच्या दक्षिणेस सुमारे नव्वद किलोमीटरवरील किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे 617 मीटर खोल छिद्र घेतले. त्यात 338 मीटरवर काळ्या पाषाणाचे थर संपून खाली अतिप्राचीन पायाभूत खडक लागला. कोयनेच्या 1967 च्या भूकंपानंतर सुरू झालेला अभ्यास आजही चालू असून त्यासाठी कराड येथे स्वतंत्र प्रयोगशाळा आहे.

शिक्षणाची सोय दूर नाही. मुंबईच्या आयआयटीत उपयोजित भूभौतिकीचा दोन वर्षांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम असून त्याचा प्रवेश ‘जॅम’ परीक्षेतून होतो. धनबादची जुनी खाणविद्येची संस्था, वाराणसीचे हिंदू विद्यापीठ, विशाखापट्टणमचे आंध्र विद्यापीठ आणि हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ येथेही हा विषय शिकवला जातो. परळीहून विकाराबादमार्गे सिकंदराबादला रेल्वे जाते, तेव्हा हैदराबाद आपल्या विद्यार्थ्यास परके वाटू नये. ग्रंथांपैकी आरंभी किअरी, ब्रुक्स आणि हिल यांचे पुस्तक घ्यावे. टेलफर्ड, गेल्डार्ट आणि शेरिफ यांचा जाडजूड ग्रंथ पुढे लागेल. ही पुस्तके इंग्रजीत असल्याने बिचकणाऱ्याने आधी मराठी विश्वकोशातील भूविज्ञान व भूकंप यांवरील नोंदी सावकाश वाचाव्यात. ‘एनपीटेल’ची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात, आणि ‘पायजिमली’ व ‘ऑब्सपाय’ यांसारख्या मोफत संगणकप्रणालींवर रोधकतेचे आलेख व भूकंपाच्या नोंदी घरबसल्या सोडवून पाहता येतात.

नोकरीचा मुख्य मार्ग केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेचा. तीतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ या खात्यांत नेमणुका होतात. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाला समुद्रतळाखालचे थर वाचणारी माणसे लागतात. मुंबई हायचे तेल 1974 मध्ये हाती आले, त्यामागे समुद्रावर केलेली भूकंपलहरींची पाहणी होती. बोगदे, धरणे आणि मेट्रो यांच्या पायाची तपासणी करणाऱ्या खासगी कंपन्यांतही काम मिळते. मात्र बी.एस्सी.ला गणित सोडलेल्यास पुढे बरेच दरवाजे बंद झालेले आढळतील, हे पालकांनी वेळीच ध्यानात घ्यावे.

पदवीच्या पहिल्याच वर्षी, यंत्र नसतानाही, एक काम कोणालाही आरंभता येईल. आपल्या गावातील प्रत्येक बोअरचा तपशील एका वहीत उतरवावा: मुरूम किती फुटांवर संपला, पाषाण कोठे लागला, पाणी किती फुटांवर आले आणि चैत्रात ते टिकले काय. फेल गेलेले बोअर या वहीतून गाळू नयेत, कारण आलेखाची परीक्षा घेण्यास तेच अधिक उपयोगी पडतात.